खालून नऊ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अप्पांनी मला काट्यावर उभं केलं. मी मुखेडहून पहाटेच्या यष्टीनं लातूरला आलेलो, अंगात चुलतभावाच्या लग्नात शिवलेली पँट, हातात टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. तेलगिरणीच्या गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा होता, त्यावर करडईची पोती तोलायची. काट्याशी उभ्या असलेल्या उंच, वाळक्या म्हाताऱ्याला मी ऑफिस कुठंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, ऑफिस काही पळून जात नाही, आधी वर चढ. चढलो. त्यानं दांडीवरचं माप सरकवलं, डोळे बारीक केले आणि शेहेचाळीस किलो असं सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. हमाल हसले. मला रडू यायचं बाकी होतं, खोटं कशाला बोलू.

मग कळलं की हा मान सगळ्यांनाच मिळतो. गिरणीत जो कोणी नवा येईल त्याला अप्पा पहिल्या दिवशी तोलायचे आणि ते वजन जन्मभर ध्यानात ठेवायचे. मुनीम आला तेव्हा बावन्न होता, आता ऐंशी आहे, हे ते मुनिमासमोरच सांगायचे. वर्षभरानं एखाद्याला पुन्हा काट्यावर चढवायचे आणि वजन उतरलेलं दिसलं तर सरळ मालकाकडे जाऊन विचारायचे की ह्याचे चार किलो कुठं गेले. आलेला माल तोलून घ्यावा, जाणारा माल तोलून द्यावा, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मालकांना ह्या माणसाचं काय करावं ते कळत नसे.

धोतर, पांढरा सदरा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. कोणाला नावानं हाक मारायची नाही, गावानं मारायची. मुनीम निलंग्याचा म्हणून तो निलंगा, मी मुखेड. आणि कोणाच्याही ऑफिसात खुर्चीवर बसायचं नाही. बसलेल्या माणसाला उठा म्हणता येतं, उभ्याला काय म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. मालक दहादा बसा म्हणायचे, अप्पा दहादा हाव, म्हणजे हो, म्हणून उभेच राहायचे.

पण खरी खोड वेगळीच होती. अप्पांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे लपवायचं सोडाच, ते वर सांगत फिरायचे की बरं झालं आलं नाही, वाचणारा माणूस मनातल्या मनात वाचतो आणि आपलीच समजूत घालून घेतो. त्यामुळे कुठलाही कागद आला की ज्यानं लिहिला असेल त्याच्याचकडून तो मोठ्यानं वाचून घ्यायचा. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा वाचलं की म्हणायचे, पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा वाचलं की तेच. तिसऱ्यांदा वाचून झालं की मग अंगठा, नाहीतर नकार. एकदा मॅनेजरनं चहाची सुट्टी पाच मिनिटांनी कमी केल्याची नोटीस काढली. अप्पांनी त्याला काट्याजवळ उभं करून ती तीनदा वाचायला लावली. पहिल्यांदा मॅनेजर ऐटीत वाचून गेला, दुसऱ्यांदा चिडला, तिसऱ्यांदा 'पाच मिनिटांनी' ह्या शब्दापाशी त्याला स्वतःलाच हसू फुटलं. नोटीस त्यानं खिशात घातली ती पुन्हा काही बाहेर आली नाही. घरी अव्वा, म्हणजे अप्पांची बायको, सांगायच्या की लग्नात ह्यांनी स्वामींनाही मंत्र तीनदा म्हणायला लावले, मांडव जेवायचा खोळंबला.

मला त्यांचा राग यायचा. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, इंग्रजी टाइप करणारा गिरणीतला एकुलता एक माणूस, आणि हे आपले माझं पत्र माझ्याकडूनच तीनदा वाचून घेणार. पण गंमत अशी की त्यांच्यासमोर वाचताना स्वतःच्या चुका आपोआप ऐकू यायच्या. मी मनात शिव्या देत जायचो आणि कागद दुरुस्त करून परत यायचो.

मी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी पावसानं दगा दिला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. करडई फुटभर वर आली आणि जागेवर वाळली. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती दिसेनात, तिथले आडते दिवसभर पत्ते खेळत बसत. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यामुळे गावात एक विचित्र लगबग होती. एकीकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी, दुसरीकडे भाड्याच्या घरांवर रोज नव्या कचेरीची पाटी. दुकानदार जुन्या जिल्ह्याच्या नावावर रंग फासून नवं नाव काढून घेत होते. आमच्या गिरणीचे छापील कागद मात्र जुनेच होते. मी प्रत्येक पत्रावर आधी जुनं नाव फुल्या मारून खोडायचो आणि वर लातूर असं टाइप करायचो. हे काम मला फार आवडायचं, का ते आज सांगता येणार नाही.

एका सकाळी मालकांनी बोलावलं आणि चौदा नावांचा कागद हातात दिला. म्हणाले, दुपारपर्यंत पत्रं कर आणि तोंड बंद ठेव. मालक वाईट माणूस नव्हता, हे आत्ताच सांगून टाकतो. घाणे चार महिने बंद, पगार मात्र चालू. पण ती चौदा नावं कशी निवडली होती ते वाचता वाचताच कळलं. उलट बोलणारे, सारखे आजारी पडणारे, आणि ज्यांच्यामागं कोणी नाही असे. एकोणीस वर्षं झालेले अप्पा त्यात होते. आणि कोंडाबाई होती.

कोंडाबाई आवार झाडायची आणि करडई चाळायची. नवरा गेलेला, दोन मुली, गिरणीच्या चाळीत एक खोली. काम गेलं की खोली जाणार, आणि त्या वर्षी बाहेर काम म्हणजे रोजगार हमीवर खडी फोडणं. तिची छाती आठ वर्षं भुसा खाऊन पार बसलेली, चार पायऱ्या चढली तरी भिंतीला हात लावून उभी राहायची. तिचं पत्र टाइप करताना मी तीनदा चुकलो आणि तीनही कागद चुरगाळून टाकले.

अप्पांना त्यांचं पत्र मीच नेऊन दिलं. ते म्हणाले, वाच. वाचलं. पुन्हा वाच. वाचलं. तिसऱ्या वेळी 'आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे' ह्या ओळीवर मी अडलो. अप्पांनी स्वतःच ती ओळ पाठ म्हणून दाखवली. रागावले नाहीत. हजेरीपट कुठंय एवढंच विचारलं.

इथं मी एक बरं काम केलं. जेवणाच्या सुट्टीत हजेरीपट सदऱ्याखाली घालून काट्यावर नेला आणि महिनेवारी पगारातली एकतीस नावं आल्याच्या क्रमानं अप्पांना वाचून दाखवली. डोळे मिटून ते प्रत्येक नावावर एक आकडा पुटपुटत होते. त्या त्या माणसाचं वजन. त्यांचा हजेरीपट तो होता आणि तो माझ्या हातातल्या हजेरीपटाशी तंतोतंत जुळत होता. शेवटी मी म्हणालो, आणि एकतिसावा मी. ते म्हणाले, शेहेचाळीस. मग अर्थातच, पुन्हा वाच. तीनदा वाचून झाल्यावर म्हणाले की हे उलटं झालंय, मागून आलेले आत राहिले आणि आधी आलेले बाहेर. शेवटी आला तो आधी जाणार, असा सरकारचा कायदा असतो हे त्यांनी मोंढ्यातल्या हमालांकडून ऐकलेलं होतं. अपील तिथंच ठरलं. माझ्यामुळे ठरलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलोय.

कचेरीपुढच्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला. तीनदा वाचावा लागला म्हणून त्यानं वाचण्याचे वेगळे पैसे मागितले. पण अर्ज द्यायचा कुणाला? कामगार कचेरीला पाटी लागली होती, आत एक टेबल होतं आणि एक शिपाई होता, साहेबाची जागा अजून भरायची होती. चार्ज नांदेडच्या साहेबाकडे. तेव्हा तारखा नांदेडला.

मालक आपल्या मोटारीनं जायचे. मी गिरणीचा माणूस, पण मोटारीत मुनीम आणि वकील, मला जागा नाही. मग मी बगलेत हजेरीपट धरून यष्टीनं जायचो, आणि त्याच यष्टीत ते चौदा जण. ज्यांना घालवायची पत्रं मी टाइप केली त्यांच्याच मांडीला मांडी लावून अहमदपूर, लोहा, नांदेड. वाटायचं, कोणीतरी एकदाचं दोन शब्द बोलावं, शिव्या द्याव्यात. छे. कोंडाबाई फडक्यातली भाकरी सोडायची आणि चटणी घालून पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायची, तुमचं हितं कोण हाय म्हणायची. अप्पा सगळी वाट उभे. जागा रिकाम्या असल्या तरी उभे, त्यावरून कंडक्टरशी दर खेपेला वाद. विष्णुपुरीजवळ गोदावरीचं अडवलेलं पाणी दिसलं की अख्खी यष्टी त्या बाजूच्या खिडक्यांकडे वळायची.

पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या तारखेला मालक आजारी. दोन्ही वेळा आम्ही कचेरीच्या व्हरांड्यात दिवसभर बसून परत. तिसऱ्या तारखेला सगळे हजर. साहेब तरुण होता, सज्जन होता आणि घामानं भिजलेला होता. अप्पांनी त्यालाही पत्र तीनदा वाचायला लावलं, आणि त्यानं वाचलं, हे विशेष. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यानं चष्मा काढून मालकांना विचारलं की ही चौदा नावं नेमकी कशावरून काढली. वकील बोलायला लागला तर साहेब म्हणाला, तुम्ही नाही, ते सांगतील. मालक वकिलाकडे बघायला लागले. मग तडजोडीची बोलणी सुरू झाली.

मालक म्हणाले, चौदाचे तेरा करतो. अप्पा म्हणाले, एकही नाही. तास झाला, दोन तास झाले, साहेबाचा चहा दोनदा गार झाला. वकील कलमं सांगत होता आणि मालक घड्याळ बघत होते. मी हजेरीपट मांडीवर घेऊन बसलेलो आणि माझा डावा पाय आपोआप हलत होता. मुनिमानं दोनदा माझा गुडघा दाबून धरला.

तेव्हा अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पुढं होऊन मालकांच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. मोंढ्यात माल असाच ठरतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, भाव त्या दोघांनाच कळतो, बाकीचे नुसते तोंडाकडे बघतात. मालकांचं सगळं आयुष्य मोंढ्यात गेलेलं. दोन तास कायद्याच्या भाषेत अडून बसलेला माणूस रुमाल पडताच सैल झाला. बोटं हलायला लागली. मालक मान हलवून नाही म्हणायचे, अप्पा डोळे मिटायचे, पुन्हा बोटं. साहेबानं विचारलं की हे काय चाललंय, हे कुठल्या कायद्यात बसतं. पाचेक मिनिटांनी मालक हसले आणि रुमाल झटकला.

ठरलं ते असं. चौदा पत्रं रद्द. हजेरीपटातली खालून नऊ नावं कमी करायची, बाकीचे उद्यापासून कामावर. जाणाऱ्यांना कायद्याप्रमाणे भरपाई, आणि करडई आली की नवा माणूस घेण्याआधी त्यांनाच पत्र. जाणाऱ्यांच्या बायकापोरांना पाऊस पडेपर्यंत गिरणीच्या विहिरीवर पाणी. विहिरीचं कलम लिहिताना साहेबाला हसू आलं, पण लिहिलं. आणि अप्पांनी शेवटी आणखी एक लिहायला लावलं, की त्या नवांतल्या एखाद्याला मालकांनी आपणहून ठेवून घेतलं, तर त्याच्या बदली वरचं दुसरं नाव घ्यायचं नाही. वकिलाला ह्यात काही धोका दिसला नाही. मालक म्हणाले, लिहा की, मी कशाला कुणाला ठेवतोय. अप्पांनी तेवढं कलम तीनदा वाचून घेतलं.

मग साहेब मला म्हणाला, हं, खालून वाचा.

हजेरीपट उघडला. सगळ्यात खाली माझं नाव. माझ्याच अक्षरात, एकतीस. त्याच्या वर तिसावा, एकोणतिसावा, असं करत तेविसावी कोंडाबाई. खोलीत पंधरावीस माणसं होती आणि ह्यांत माझं नाव येतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. टेबलाशी बसून खटखट करणारा माणूस म्हणजे ऑफिसचा माणूस, मालकाचा माणूस, तो कमी कसा होईल? छाटणी ही उभं राहून काम करणाऱ्यांची असते, अशी आमच्या गिरणीत सगळ्यांची पक्की समजूत. मालकांची तीच, मुनिमाची तीच, त्या चौदांचीही तीच. माझं नाव तिथं आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मला आणि अप्पांना, कारण मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, तेही तीनदा. पण त्या क्षणी मला अप्पा आठवले नाहीत. मुखेडचं घर आठवलं. दोन वर्षं शेतात काही नाही, बहिणीचं लग्न वैशाखात ठरलेलं, बाप माझ्या मनिऑर्डरीची वाट बघत पोस्टाच्या पायरीवर बसतो ते आठवलं. कोणी मला तसं कर म्हणालं नव्हतं. कोणी डोळ्यानं खुणावलंसुद्धा नाही.

मी तिसाव्यापासून वाचायला सुरुवात केली.

एकेक नाव वाचत गेलो, साहेब लिहीत गेला. आवाज कापला नाही, तो दोष मी स्वतःला देऊ शकत नाही. कोंडाबाईपाशी आठ झाली. खरं म्हणजे कोंडाबाई नववी असती आणि तिथंच थांबायचं होतं, पण मी खालचं एक नाव गाळलं होतं म्हणून नवात तिच्या वरचा बाविसावा यायला हवा होता. तेवढंही मला मोजता आलं नाही असं समजू नका. बाविसावा म्हणजे पाच लेकरांचा बाप, घाण्यावरचा मिस्त्री, त्या चौदांतलाच, तो समोरच बसलेला. त्याला बघून माझी जीभ अडखळायला हवी होती. पण साहेबानं बोटानं मोजून म्हटलं, आठ झाली, नववं सांगा, आणि मी बाविसावं नाव घेतलं. मिस्त्री नुसता हसला. बहुतेक त्याला खरं वाटलं नाही. कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला आणि साहेबाला विचारलं, खोली कधी सोडायची.

साहेबाला एव्हाना अप्पांची सवय कळली होती. त्यानं आपणहून विचारलं, "पुन्हा वाचायची का?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "नको. ऐकलं."

मला वाटलं, सुटलो. आणि लगेच वाटलं की आता कुठं जाऊ.

अप्पांनी दोन पावलं पुढं टाकली आणि साहेबाला सांगितलं की माझं नाव लिहा. साहेब म्हणाला, तुम्ही चौथे आहात, तुम्हाला कोणी काढत नाही. अप्पा म्हणाले की मी राजीखुशीनं जातो, माझ्या जागेवर मिस्त्रीला ठेवा. ते ऐकून मालकांचा चेहरा असा खुलला की मला आजही त्यांचा राग येतो. ते म्हणाले, ठेवतो, कबूल. मग अप्पा कोंडाबाईकडे वळले. जागा एकच होती, तिच्यात एकाचीच नोकरी वाचणार होती. कोंडाबाईच मिस्त्रीच्या लेकरांकडे बघत म्हणाली, राहू द्या अप्पा, मी जाते. अप्पांनी मालकांकडून तिची खोली तेवढी पाऊस पडेपर्यंत मागून घेतली, विहिरीच्या कलमाखाली लिहून घेतली आणि अंगठा उठवला. जन्मात पहिल्यांदा तीनदा न वाचता.

परतीच्या यष्टीत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही नाही. कंडक्टरशी मात्र भांडले.

त्यानंतरचं वर्ष मला एका जागी बसवलं नाही. मी टाइप करताना उठायचो, गेटापर्यंत जायचो, नव्या काटेवाल्याकडे बघून परत यायचो. नव्याला काही कळत नव्हतं, कोणाला तोलत नव्हता. कोंडाबाई औसा रोडला खडीवर जायला लागली. संध्याकाळी विहिरीवर दिसायची, अंगावर पांढरी धूळ, आणि घागर भरून झाली की तिथूनच विचारायची, जेवलात का. बहिणीचं लग्न झालं. मी मांडवात वाढत होतो आणि प्रत्येक पंगतीत मला माणसं मोजायची सवय लागली होती. पावसाच्या तोंडाला कोंडाबाईची छाती भरली. मुली तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या, महिनाभर तिथंच होती. जगली, पण पुन्हा कामाला उभी राहिली नाही. थोरलीचं शिक्षण सुटलं.

त्या वर्षी मात्र पाऊस चांगला झाला. फाल्गुनात करडईची पहिली गाडी गेटातून आत आली आणि मालकांनी मला करारातली पत्रं टाइप करायला सांगितली. नवातलं सगळ्यात वरचं नाव अप्पांचं. बाकीची पत्रं मी पोस्टात टाकली आणि त्यांचं खिशात घालून उदगीरची यष्टी धरली.

अप्पा त्यांच्या गावच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्याजवळ उभे होते. त्याचा तराजू धरून गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून देत होते, पैशाचा संबंध नाही, नुसती हौस. मला बघून तराजू खाली ठेवला. लिंबाच्या सावलीत नेलं, पाणी दिलं. पत्र काढलं तर म्हणाले, वाच. तीनदा वाचलं. येणार नाही म्हणाले, अव्वांचे डोळे गेले होते, त्यांच्याजवळ कोणी हवं होतं.

मग मी सांगितलं. सगळं, एकतिसावं नाव कसं गाळलं ते. सांगताना रडलो, भर बाजारात. मला वाटत होतं की ते मला मारतील तरी किंवा माफ तरी करतील.

ते म्हणाले, "ठाऊक हाय की. मीच तर ऐकलं."

आणि मग त्यांनी शांतपणे, मिरचीचा भाव सांगावा तसं सांगितलं. रुमालाखाली मालकांनी दहा धरले होते, अप्पांनी आठ मागितले होते. नऊवर ते राजी झाले ते माझ्या भरवशावर. खालून पहिलं नाव माझं येणार. मालकाला इंग्रजी पत्रं कोण करून देणार? तो खुर्चीतून उठून म्हणाला असता की ह्याला नको, ह्याला ठेवा. आणि त्यानं ठेवलं की त्याच्या बदली दुसरं नाव घ्यायचं नाही, हे तर आधीच लिहून झालेलं. माझी नोकरी राहिली असती. गेले असते आठच, आणि त्यांतल्या कोंडाबाईला वाचवायला अप्पांची एक जागा पुरली असती. मिस्त्रीचं तर नावच निघालं नसतं. पण गाळलेलं नाव पुन्हा वाचताना उघडं पडलं असतं तर मालकानं ह्याला ठेवा म्हटलं नसतं, म्हणून ते नको म्हणाले होते.

मी खाली मातीतच बसलो. विचारलं की अप्पा, हे मला आधी कामून नाही सांगितलं.

अप्पांना माझा प्रश्नच कळला नाही असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. म्हणाले, "सांगायचं काय हाय त्यात? तुला नुसती यादी वाचायची व्हती."